चौदावा गुडघा

खोका शुक्रवारीच आला होता, पण मिस्त्रीने तो रविवारपर्यंत उघडला नाही. वर्कशॉपच्या दाराशी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येईल असा तो पडून राहिला आणि घरातलं प्रत्येक माणूस त्याला वळसा घालून जात राहिलं. आत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्रीने बनवलेले पाचच्या पाच कृत्रिम गुडघे इस्पितळाने परत पाठवले होते. सोबतचं पत्र चार ओळींचं होतं. दीड महिन्यात पाचांपैकी तीन रुग्ण पडले, एका बाईंचं मनगट मोडलं, सबब हे काम आम्ही इथेच थांबवत आहोत.

रविवारी सकाळी दहा वाजता मिस्त्रीने सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे आता मोजून चौघंच उरले होते. थोरला भाऊ दादा, मधली ताई, मिस्त्रीची बायको आणि त्याची मुलगी.

दादा सर्वांत आधी पोचला. त्याचं शिवणकामाचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं आणि रविवारी तो ते उघडत नसे. खोक्यापाशी तो क्षणभर थबकला, डावा पाय त्याच्यावरून पलीकडे टाकला आणि उजवा, म्हणजे आपला लाकूड-लोखंडाचा पाय, मागोमाग अलगद ओढून घेतला. पाहणाऱ्याला कळलंसुद्धा नसतं. नवखे लोक म्हणत, वयोमानाने जरा लंगडतात वाटतं.

एकोणिसाव्या वर्षी लाकडाच्या वखारीत त्याचा पाय मांडीपासून गेला, तेव्हा सुतारकाम करणाऱ्या बाबांनी स्वतःच्या हाताने त्याला पहिला पाय करून दिला. तो टेबलाच्या पायासारखा ताठ होता. बसताना पुढे काठीसारखा उभा राहायचा. त्या वेळी अकरा वर्षांचा असलेला धाकटा एक दिवस दाराची बिजागरी घेऊन आला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "दार मिटतं, मग दादाचा पाय का मिटू नये?" घरातला सगळा घोळ त्या वाक्यापासून सुरू झाला, असं ताई आजही म्हणायची.

आता धाकटा त्रेपन्न वर्षांचा झाला होता आणि अख्खी पेठ त्याला मिस्त्री म्हणत होती. मागच्या भिंतीवर तेरा गुडघे खिळ्यांना टांगलेले होते, प्रत्येकाच्या गळ्यात पत्र्याचा नंबर. चौदावा दादाच्या पायात होता.

"चहा घे," मिस्त्रीची बायको आत येत म्हणाली खरी, पण कप तिने दादाच्या हातात न देता लेथच्या कडेला ठेवला. तिचं लक्ष नवऱ्याकडे होतं. मिस्त्री खिडकीशी पाठमोरा उभा राहून हात पुसत होता. हात स्वच्छच होते.

ताई आली ती छत्री टेकत. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन तिला दोन वर्षं झाली होती, पण खोलीत शिरल्यावर आधी हजेरी घेतल्यासारखी नजर फिरवायची सवय गेली नव्हती. मुलगी सर्वांत शेवटी, इस्पितळातली सकाळची फेरी आटोपून थेट आली. तिथल्या व्यायामाच्या दालनात पाय गमावलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायचं काम ती करायची. चौदाव्याबरहुकूम केलेले हे पाच गुडघे तिथे गेले ते तिच्याच शब्दावर.

"फार वेळ घेत नाही," मिस्त्री म्हणाला. "उद्यापासून मी लिफ्टवाल्यांकडे कामाला जातोय. देखभालीचं काम आहे. आणि हा लेथ, ड्रिल, बाकी सामान तंत्रशाळेला देऊन टाकायचं ठरवलंय. शनिवारी त्यांचा टेम्पो येईल."

मग ताईने छत्री भिंतीला लावली.

"बरं झालं. मी हे दहाव्या गुडघ्यालाच सांगितलं होतं."

"नवव्याला," मिस्त्रीची बायको म्हणाली. "दहाव्याला तुम्ही आमच्याशी बोलतच नव्हता."

"बोलत नव्हते, कारण नवव्याला सांगून कुणी ऐकलं नव्हतं. तुला तरी पटतंय ना?"

"मला पटतंय." तिने हे इतक्या हळू म्हटलं की मुलीने चमकून आईकडे पाहिलं. बावीस वर्षं प्रत्येक गुडघ्याची चाचणी ज्या वहीत उतरली, ती वही हिच्या अक्षरात होती. घरात एक माणूस नवऱ्याच्या बाजूने कायम उभं असेल तर ते हेच, अशी सर्वांची समजूत होती. "मला आता ह्यांचं तोंड बघवत नाही. परवापासून जेवताना हात बघत बसतात."

"आई, निदान खोका तरी उघडू दे," मुलगी म्हणाली.

"काय बघायचंय त्यात?" मिस्त्रीने विचारलं.

"कुठे बिघडलं ते."

"ते मला माहितीये कुठे बिघडलं." त्याने दोन्ही तळवे पुढे केले. "इथे."

दादाने चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. अशा वेळी आपण काहीतरी बोलायला हवं, थोरले आहोत, असं त्याला नेहमी वाटायचं आणि नेहमीच ते बोलणं राहून जायचं. गिऱ्हाइकांशी त्याचं बरं जमे. तिथे तोंडात टाचण्या असत, त्यामुळे कुणी बोलायची अपेक्षा करत नसे.

"दादा, तू बोल," ताई म्हणालीच. "पाय तुझा आहे."

"माझा छान चालतोय," दादा म्हणाला. दर वेळी हेच म्हणायचा.

"तेच तर." मिस्त्री स्टूल ओढून त्याच्या समोर बसला. "जरा विजार वर कर."

दादाने उजवी विजार वर घेतली. मिस्त्रीने गुडघ्यावरच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले आणि आतली चामड्याची पट्टी चिमट्याने ओढून बाहेर काढली. चौदाव्या गुडघ्याचा सगळा जीव त्या पट्टीत होता. अंगाचा भार पायावर आला की ती आतल्या चाकाला आवळायची आणि गुडघा वाकायचा थांबायचा. भार निघाला की ती सैल पडायची आणि गुडघा मोकळा व्हायचा. निदान कागदावर तरी असं होतं.

"आठ महिने," पट्टी उजेडात धरून मिस्त्री म्हणाला. "आठ महिने दादा ह्यावर चालतोय. दुकान, बाजार, जिने. बघा. बसवली त्या दिवशी होती तशी आहे. आता तो खोका उघड."

मुलीने खोका उघडला. एकेक गुडघा काढून तिने लेथवर ओळीने मांडला आणि झाकणं काढली. पहिल्याची पट्टी कडेने उसवल्यासारखी झाली होती. दुसऱ्याची मधोमध फाटली होती. तिसऱ्याची तर हातात घेतल्यावर दोऱ्यासारखी सुटली.

"दीड महिना," मिस्त्री म्हणाला. "चामडं एकच, चाक एकच, हात एकच. तिथे दीड महिन्यात चिंध्या आणि इथे आठ महिन्यांत ओरखडा नाही. ह्याचा अर्थ काय? ह्याचा अर्थ माझ्या हाताला एक काम दुसऱ्यांदा तसंच करता येत नाही. दादाचा चांगला निघाला तो चुकून. बावीस वर्षं मी चुकून निघालेलं काम छातीवर मिरवत होतो. आणि त्या बाईंचं मनगट मोडलं."

तो हे रागाने बोलत नव्हता. एखाद्या दुसऱ्याच कारागिराचा हिशेब मांडावा तसं सरळ बोलत होता आणि दादाला ते ऐकवेना. म्हणून तो पट्टीकडे बघत राहिला. मिस्त्रीने ती त्याच्या मांडीवर ठेवली होती.

चाळीस वर्षं दादाने लोकांचे कपडे उसवले होते. विजारीचा गुडघा कुठे झिजतो, कोटाचं कोपर कुठे चकाकतं, लिहिणाऱ्याची बाही कुठे विरते, हे त्याला माणसाने तोंड उघडायच्या आत कळायचं. दहा वर्षांत टाका हलला नाही म्हणून एखादा कोटाचं कौतुक सांगू लागला, की दादा मनात म्हणायचा, घातलाच नसेल. त्याने पट्टीवरून अंगठा फिरवला. कडा अजून धारदार होती. आतल्या बाजूला चाकाची खूणसुद्धा उमटली नव्हती.

त्याने पट्टी पालथी करून पुन्हा मांडीवर ठेवली.

चौथा गुडघा त्याला लख्ख आठवला. घरात एक रीत होती. नवा गुडघा तयार झाला की आधी दादाने चालायचं, लेथपासून दारापर्यंत, अकरा पावलं. सगळ्यांनी भिंतीला लागून उभं राहायचं आणि त्याचा हात दाराला लागेपर्यंत कुणी बोलायचं नाही. त्या वेळी बाबा होते. आजारी होते, दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पहिले तीन गुडघे फसलेले त्यांनी बघितले होते. चौथ्याच्या दुसऱ्याच पावलाला दादाला कळलं होतं की हा दगा देणार. टाच टेकली आणि गुडघा आतल्या आत सैल पडला. त्याने विचारही केला नाही. मांडी जोराने मागे रेटली, गुडघा ताठ धरला, पाऊल निभावून नेलं. पुढच्या पावलाला आधीच रेटली. त्याच्या पुढच्यालाही. हात दाराला लागला, तेव्हा ज्या माणसाने मुलांचं कधी तोंडभरून कौतुक केलं नाही, त्याने धाकट्याला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला होता.

नंतर ते अंगवळणीच पडलं. किती पडलं, तर आपण काही करतो हेच तो विसरला. हे आपलं चालणं आहे, असं त्याला वाटू लागलं. पाय नसलेली सगळीच माणसं असं चालत असतील, असंही वाटलं असेल. पण चौथ्या गुडघ्याला त्याला माहीत होतं. ते नाकारून चाललं नसतं.

आता सांगायचं तर धाकट्याची सगळी वर्षं एका वाक्यात खोटी पडणार. न सांगायचं तर शनिवारी टेम्पो येणार आणि हा जन्मभर जेवताना हात बघत बसणार. दादाने दोन्ही गोष्टी मनात तोलून पाहिल्या. त्याचा तराजू नेहमीच हलत राहायचा, आजही हलत राहिला, आणि तो हलत असतानाच तो बोलला.

"ही नवी आहे कारण ही वापरलीच नाही."

"काय?"

"पट्टी. मी तिला काम पडूच देत नाही. टाच टेकायच्या आत मी मांडी मागे रेटतो. गुडघा मीच धरून ठेवतो. तुझा ब्रेक लागायची वेळच येत नाही."

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला. लेकीने मात्र डोळे मिटले, जणू आठवडाभर शोधत असलेली वस्तू स्वतःच्याच खिशात सापडली होती.

"कधीपासून?" मिस्त्रीने विचारलं.

"चौथ्यापासून."

मिस्त्रीने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. चौथा, पाचवा, सहावा. त्याची नजर एकेका नंबरावर थांबत पुढे जात होती आणि दादाला त्या प्रत्येक थांब्याला खाली बघावं लागत होतं.

"म्हणजे दादा," ताई सावकाश म्हणाली, "इतकी वर्षं तू पेपर न तपासता ह्याला पास करत आलास."

"आणि मी दर वेळी वहीत 'उत्तम' लिहीत आले," मिस्त्रीची बायको म्हणाली.

मिस्त्री उठला. कोपऱ्यातल्या नळाशी जाऊन त्याने पुन्हा हात धुतले, बराच वेळ. परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली उतरलेला होता.

"तू मला पडून दाखवायला हवं होतंस."

"बाबा बसले होते रे."

"बाबांना जाऊन सतरा वर्षं झाली, दादा."

विजार खाली घ्यायची राहून गेली होती, ती दादाने नीट करून घेतली. आपण ह्या घराला चांगलं चालून दाखवण्याखेरीज काहीच दिलं नाही आणि तेही असं निघालं, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

ताईने छत्री उचलून पुन्हा टेकली. "मी काय म्हणते. ह्याचा एक अर्थ असाही होतो की हा नापास झालेला नाही. परीक्षाच झाली नाही ह्याची."

"ताई, तुम्ही आत्ता दहा मिनिटांपूर्वी म्हणालात बरं झालं म्हणून," मिस्त्रीची बायको म्हणाली.

"दहा मिनिटांपूर्वी मला वाटत होतं ह्याला येत नाही. ज्याला येत नाही त्याला बाहेर काढावं. ज्याला चुकीचं शिकवलं त्याला काय म्हणून बाहेर काढायचं?"

"म्हणजे परत सुरू करायचं? आणि दादांना आता एकसष्टाव्या वर्षी पाडायचं?"

"पाडायचं कोण म्हणतंय?"

"मग दुसरं काय म्हणताय तुम्ही?"

"मी पडतो," दादा म्हणाला.

दोघी त्याच्याकडे वळल्या. स्वतःच्या आवाजाने तोही जरा दचकला होता.

मुलीने आत जाऊन पलंगावरची गादी ओढत आणली. वाटेत शेल्फ होतं ते तिने आणि आईने मिळून बाजूला सरकवलं; आईने कपाळाला आठ्या घालूनच, पण सरकवलं. गादी लेथ आणि दाराच्या मधोमध, चालायच्या वाटेला लागून आली. मिस्त्रीने दादाची विजार पुन्हा वर दुमडली, पट्टी बसवली, स्क्रू आवळले. मुलगी दादाच्या मागे उभी राहिली, एक हात त्याच्या कंबरेच्या पट्ट्यात आणि दुसरा उजव्या कुल्ल्यावर.

"मोठे काका, मांडी सैल सोडायची. बाकी काही करायचं नाही."

दादा लेथपासून निघाला. अकरा पावलं टाकली आणि त्याचा हात दाराला लागला.

"रेटलंत," मुलगी म्हणाली. "अकराच्या अकरा वेळा."

"मी तर सोडली होती."

"तुम्ही सोडली होती. तिने नाही सोडली."

दुसऱ्यांदा तो आणखी हळू चालला. प्रत्येक पावलाला मांडीकडे लक्ष ठेवून, तिला बजावत. जितकं लक्ष दिलं तितकी ती घट्ट झाली. पुन्हा दार आलं. दादाला हसूच फुटलं. "अरे, हा पाय आता माझं ऐकतच नाही."

"बोलत चल," ताई म्हणाली. "मुलांना पाढे येतात की नाही बघायचं असलं की मी त्यांना पळत म्हणायला लावायची. लक्ष दुसरीकडे गेलं की खरं काय ते बाहेर येतं."

"काय बोलू?"

"काहीही. माझ्या करड्या कोटाच्या बाह्या तोकड्या केल्यास, त्याबद्दल बोल."

"तोकड्या नाहीत त्या," निघता निघता दादा म्हणाला.

"मनगट दिसतं माझं."

"तू हात वर करून दाखवतेस म्हणून दिसतं. हात खाली ठेव. खाली ठेवला की बरोबर बसते." तिसरं पाऊल पडलं. "माप मी घेतलं तेव्हा तू हात कमरेवर ठेवून उभी होतीस. दोनदा सांगितलं मी, ताई, हात सोड. तू म्हणालीस मला शिकवू नकोस. आता कमरेवर हात ठेवून घेतलेलं माप —"

पाचव्या पावलाला गुडघा गेला.

आवाज वगैरे काही झाला नाही. उजवी बाजू खालून काढून घेतल्यासारखी वाटली, पट्ट्यातला मुलीचा हात ताणला गेला, आणि दादा कुशीवर गादीवर आला. कापसाचा जुनाट वास नाकात शिरला. ताईच्या तोंडून "अगं बाई" निघालं आणि ती पुढे झाली.

"उठवू नका," मिस्त्री म्हणाला. "दादा, हलू नकोस. लागलं?"

"नाही."

"मग आहे तसाच राहा."

आणि मिस्त्री गादीशेजारी जमिनीवर पालथा पडला. गाल फरशीला टेकून, बॅटरी हातात घेऊन तो गुडघ्याच्या फटीतून आत बघू लागला. वाकलेल्या सांध्याला त्याने काटकोन्या लावला, मग काढला, मग पुन्हा लावला. दादाला त्याचा श्वास ऐकू येत होता. इतक्या जवळून धाकट्याचं डोकं त्याने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मध्यावर विरळ झालं होतं. लहानपणी तिथे भोवरा होता.

"टाच टेकते तेव्हा भार अजून मागच्या पायावर असतो," मिस्त्री पुटपुटत होता, कुणालाच नाही. "हा भार यायची वाट बघतोय. भार येईतो वाकून मोकळा. म्हणजे पट्टी चांगली असो, वाईट असो, हिला हाक उशिरा जाते, आणि मग एकदम ताण येऊन ती फाटते. हाक टाचेकडून यायला पाहिजे. टेकल्याबरोबर." तो थांबला. "कशी येईल ते मला माहीत नाही."

शेवटचं वाक्य त्याने अगदी निवांतपणे म्हटलं. सकाळपासून ज्या आवाजात तो बोलत होता तो हा आवाज नव्हता.

मिस्त्रीच्या बायकोने कपाटावरून वही काढलेली होती. उभ्या उभ्या, वही हातावर पेलून तिने लिहिलं आणि लिहिलेलं वाचूनही दाखवलं, अजून पटलेलं नाही अशा स्वरात. "चौदावा. पाचव्या पावलाला पडले. बरोबर?"

"टाच टेकल्यावर, भार येण्याआधी," मिस्त्री जमिनीवरून म्हणाला. "तेही लिही."

तिने तेही लिहिलं. मग पेनाचं टोपण लावत विचारलं, "आणि उद्या?"

"उद्या कामावर जाणार. शब्द दिलाय." तो उठून बसला, शर्टाच्या पुढच्या बाजूला फरशीची धूळ लागली होती. "सहाला सुटतो तिथून. तंत्रशाळेला कळव, ड्रिल घेऊन जा म्हणावं. लेथ राहू दे."

"त्या बाईंना कोण भेटणार?" मुलीने विचारलं. "मनगटवाल्या."

"मी. तू घेऊन चल मला. चूक पट्टीची नव्हती आणि त्यांची तर नव्हतीच, हे त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे."

"मी पण येतो," दादा म्हणाला. तो अजून आडवाच होता. कुणी हलायला सांगितलं नव्हतं म्हणून हलला नव्हता.

मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं. राग पुरता गेला नव्हता. तो जायला वेळ लागेल, कदाचित पंधराव्या गुडघ्यापर्यंत राहील, हे दादाला दिसत होतं आणि ते त्याला रास्तही वाटलं. पण आजवर धाकट्याने त्याच्याकडे चालून दाखवण्याखेरीज काही मागितलं नव्हतं. आता त्याने हात पुढे केला आणि ताटावरच्या माणसाने मीठ मागावं इतक्या साधेपणाने विचारलं,

"एकाच पडण्यावरून कळणार नाही मला. परत पडशील?"

"पडतो की," दादा म्हणाला आणि त्याचा हात धरून उठला. "पण ताईला बाहीचं सोडून दुसरं काहीतरी काढायला सांग. ते आता मला लक्षात राहील."

"विषयांची तू काळजी करू नकोस," ताई म्हणाली आणि तिने गादी दोन पावलं पुढे सरकवली.